या चित्राची वरची बाजू कुठली?

लॉस एंजेलिसमध्ये मी एका फ्रेमिंगच्या दुकानात काम करते. गिऱ्हाइकांत ग्वातेमालाची माणसं बरीच, त्यामुळे गुंडाळी करून आणलेले कॅनव्हास नेहमीचेच. ज्वालामुखी, तळं, कॉफी तोडणाऱ्या बायका, हाड बसवणारा वैदू. तिथल्या आतितलान तळ्याकाठच्या माया, म्हणजे मूळ रहिवासी, चित्रकारांचं काम आता लांबूनही कळतं. पर्यटकांसाठी भराभर रंगवलेलंही कळतंच म्हणा.

त्या शनिवारी एका तरुणाने टेबलावर जे उलगडलं त्यात ना तळं होतं ना आकाश. गच्च भरलेला बाजार, थेट डोक्यावरून पाहिलेला. टोपल्यांची तोंडं, टोमॅटोचे ढीग, पाठीवर रुळणाऱ्या वेण्या, पैसे मोजणारे हात. चेहरा जवळजवळ एकाचाही नाही. तिकडचे चित्रकार याला पक्ष्याची नजर म्हणतात. मुंगीच्या नजरेने, जमिनीवरून वर पाहत काढलेलीही चित्रं असतात.

आता अडचण अशी की जुन्या चौकटीतून काढताना कुणीतरी कडा कापल्या होत्या आणि त्यात सही गेली होती. हे चित्रकार बहुधा सहीबरोबर गावाचं नावही लिहितात, म्हणजे तोही पत्ता गेला. हुक लावायचे कुठे? मी कॅनव्हास चारही बाजूंनी फिरवून पाहिला. चारही बाजूंनी बाजार तितकाच ठाकठीक भरलेला!

"तुम्हीच ठरवा," तरुण म्हणाला. मला ते काही बरोबर वाटेना. मग म्हणाला, आजी गाडीत बसलीय, तिला आणतो.

आजींना खुर्ची दिली, पण त्या बसल्या नाहीत. टेबलाभोवती सावकाश फेरी मारू लागल्या. त्यांची स्पॅनिश बेताची, नातवाला त्यांची त्सुतुहिल ही माया भाषा येत नाही. त्यामुळे बोलण्यापेक्षा बोटानेच जास्त काम चाललं. चित्रात काही डोक्यांवर मोठ्या लाल चकत्या होत्या. त्यांचं मला कोडंच पडलं होतं. आजींनी पर्स चाचपून ग्वातेमालाचं पंचवीस सेंताव्होचं नाणं काढलं आणि चित्रावर धरलं. नाण्यावर तळ्याकाठच्या सान्तियागो आतितलान गावची बाई आहे, डोक्याभोवती तोकोयाल गुंडाळलेली. कित्येक मीटर लांबीची विणलेली पट्टी, एकावर एक वेढे घेऊन थाळीएवढी होते. आता बहुतेक म्हाताऱ्या बायकाच ती बांधतात. "लाल त्या आमच्या," आजी म्हणाल्या, "बाकीच्या बाहेरगावच्या."

नुसत्या टाळूवरून गाव! कलादालनांत ही चित्रं 'नाइव्ह', म्हणजे भाबडी, म्हणून वेगळ्या भिंतीवर लावतात. मला ते कधीच पटलेलं नाही. हे चित्रकार कलाशाळेत शिकले नाहीत एवढंच खरं. सान पेद्रो ला लागुनाच्या राफाएल गोन्साल्येस इ गोन्साल्येस यांनी १९२०च्या दशकाच्या अखेरीस चित्रं काढायला सुरुवात केली. सुताचा रंग झाडाच्या चिकात ठिबकलेला पाहून त्यांना कल्पना सुचली आणि पहिला कुंचला त्यांनी स्वतःच्या केसांचा केला, असं सांगतात. त्यांचे नातू पेद्रो राफाएल गोन्साल्येस चावाहाय त्याच गावात चित्रकार झाले. असेच कोमालापा गावात आंद्रेस कुरुचिच (१८९१–१९६९), सान्तियागोत हुआन सिसाय. सिसाय यांचा १९८९मध्ये खून झाला. यादवीचा काळ होता. ते नाव मी घेतलं तेव्हा आजींनी फक्त मान हलवली. मीही पुढे विचारलं नाही.

फेरी मारता मारता त्या एका कडेला थांबल्या. तिथे टोमॅटोवाली होती, मांडीशी लहान मूल.

"मी इथे बसायचे. आईच्या शेजारी."

"याच बाजारात?" नातवाने विचारलं.

"याच नाही रे. पण इथेच."

ती कड खाली, असं ठरलं. तरीही मी कॅनव्हास नव्या लाकडी चौकटीवर ताणून चारही बाजूंना कड्या बसवल्या. तार फक्त एका बाजूला. उद्या कुणाला दुसरीकडे बसायचं असेल तर हलवता येईल. जादा कड्यांचे पैसे लावले नाहीत. मालक कुरकुरले.

चित्र न्यायला दोघं आली तेव्हा आजींनी पुन्हा एकदा सगळं तपासलं. फ्रेम पसंत पडली.

"पण मिहा," म्हणजे पोरी, जाता जाता त्या मला म्हणाल्या, "एवढे मोठे अवोकादो आमच्याकडे कधीच नव्हते. याने उगाच फुगवलेत."