गिरण्या बंद पडल्यानंतरचे लँकेशायर

वायव्य इंग्लंडमधील लँकेशायर काउंटीत पाऊस कोकणासारखा कोसळत नाही, तो रिपरिपत राहतो. आणि येथील उद्योगाचा पाया याच ओलाव्याने घातला. पेनाइन डोंगरांच्या पश्चिमेकडील दमट हवेत कापसाचा धागा कमी तुटत असे, शिवाय कोळशाच्या खाणी आणि लिव्हरपूलचे बंदर हाताशी होते. त्यामुळे अठराव्या शतकाच्या अखेरीपासून ब्लॅकबर्न, बर्न्ली, प्रेस्टन ही गावे पाहता पाहता गिरणगावे झाली. मागांच्या खडखडाटात विणकर स्त्रिया ओठांच्या ठळक हालचालींनी एकमेकींशी बोलत. येथल्या माणसांचा रोखठोक, थट्टेखोर स्वभाव मला त्या गिरणीच्याच वळणाचा वाटतो.

अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ नंतर कापूस येईनासा झाला, तेव्हा येथील कामगारांची उपासमार झाली आणि मुंबईचे कापूसव्यापारी गबर झाले. आपला आखूड धाग्याचा सुरती कापूस मात्र वारंवार तुटत असल्याने विणकरांना मुळीच आवडत नसे. पुढे परदेशी कापडावरील बहिष्काराची झळ सोसणाऱ्या डार्वेन परिसरात १९३१ मध्ये गांधीजी स्वतः आले, आणि ज्यांच्या रोजगारावर गदा आली होती त्या कामगारांनीच त्यांचे आपुलकीने स्वागत केले.

जेवणातही गिरणीच्या वेळापत्रकाची छाप दिसते. मटण आणि कांद्यावर बटाट्याच्या चकत्या रचून तासन्‌तास मंद आचेवर शिजणारे हॉटपॉट, दिवसभर कामावर असणाऱ्या बायकांना सोयीचे पडे. शाकाहारी मंडळींनी प्रेस्टनकडचा बटर पाय जरूर खावा: बटाटा, कांदा आणि भरपूर लोणी भरलेला हा पदार्थ शुक्रवारी मांस वर्ज्य करणाऱ्या कॅथलिक कुटुंबांमुळे रूढ झाला. भुसभुशीत लँकेशायर चीजसाठी एकाहून अधिक दिवसांचे दही-गोळे एकत्र करतात, कारण छोट्या शेतकऱ्याकडे एका दिवसात पुरेसे दूध जमत नसे.

१९७४ च्या फेररचनेत मँचेस्टर आणि लिव्हरपूल या काउंटीबाहेर गेले. बोल्टन-बरीकडचे काही जुने लोक अजूनही स्वतःला लँकेशायरचेच म्हणवतात. गिरण्यांपैकी बर्न्लीची क्वीन स्ट्रीट मिल आता संग्रहालय आहे. आजचा मोठा रोजगार वॉर्टन आणि सॅमल्सबरी येथील लढाऊ विमानांच्या कारखान्यांत आहे, तर पश्चिमेच्या सपाट भागात भाजीपाला पिकतो. आपल्या रस्त्यांवरील अशोक लेलँडच्या गाड्यांना ज्याचे नाव मिळाले ते लेलँड हे प्रेस्टनच्या दक्षिणेचे छोटेसे शहर होय. तेथे ट्रक अजूनही बनतात, पण कारखाना आता पॅकार या अमेरिकन कंपनीच्या मालकीचा आहे.