जाड तारेवरचा एफ

चेलो (व्हायोलिनचं मोठं, खर्जातलं भावंड) आणि ऑर्केस्ट्रासाठी लिहिलेल्या माझ्या नव्या कॉन्चेर्टोची, म्हणजे एकल वाद्य आणि ऑर्केस्ट्रा यांच्या रचनेची, त्या दिवशी पहिली तालीम होती. दुसऱ्या भागात चेलोवादिका सर्वांत जाड तारेवर, म्हणजे सी तारेवर, हात खूप वर नेऊन एफ हा स्वर लांबवर धरते. हाच स्वर डी तारेवर सहज आणि स्वच्छ मिळतो. पण मला तो जाड तारेवरच हवा होता. तिथे तो कंठ दाटून आल्यासारखा लागतो.

आणि वुल्फ टोनही नेमका तिथेच असतो. बहुतेक चेलोंच्या लाकडी पोकळ पेटीचा स्वतःचा ठळक कंप ई ते एफ शार्पच्या दरम्यान, साधारण १६५ ते १८५ हर्ट्झमध्ये असतो. तार त्या कंपनसंख्येवर आली की पेटी तिची ऊर्जा ओढून घेते, परत देते, आणि स्वर घुरघुरत अडखळतो. वादिकेने पेटी गुडघ्याने दाबली, गज घोडीकडे सरकवला. घुरघुर निवळली, पण आवाजही दबला आणि बासून, हॉर्न, व्हायोला या वाद्यांखाली पार बुडाला.

कंडक्टर म्हणाले, “डी तारेवर घेऊ या का? लगेच ऐकू येईल.” सूचना रास्त होती. मी नकार दिला आणि मध्यंतराची वेळ मागून घेतली.

चेलोचा मुख्य आवाज ऑर्केस्ट्राच्या ऐन मध्यात, जिथे सगळ्यांचीच गर्दी असते, तिथे पडतो. कदाचित म्हणूनच संगीतकार शोस्टाकोविचने 1959च्या पहिल्या चेलो कॉन्चेर्टोत पितळी वाद्यांपैकी एकच हॉर्न ठेवला. संगीतकार द्वोर्झाकने तर आपल्या चेलो कॉन्चेर्टोत ट्रॉम्बोन आणि ट्यूबाही घेतले, पण ते कधी वाजवायचे याचं त्याचं भान मी वर्षानुवर्षं त्याच्या स्कोअरमधून, म्हणजे सर्व वाद्यांच्या लिखित स्वरलिपीतून, शिकतो आहे. एकलवादकाला मोठ्याने वाजवायला सांगणं मला कधीच पटलेलं नाही. जागा आपण करून द्यायची.

हॉर्न काढला. बासूनची ओळ एक सप्तक वर नेऊन क्लॅरिनेटला दिली. व्हायोला गप्प केले. खाली दोनच डबलबास, तेही बोटांनी छेडलेले. बदल पेन्सिलीने प्रत्येकाच्या पानावर गेले.

दुसऱ्यांदा वाजवताना तिने गुडघा थोडा सैल सोडला. स्वरात किंचित थरथर उरली होती, आणि शेवटच्या रांगेत बसून मला ती स्पष्ट ऐकू आली. वादिकेने विचारलं, “ही राहू द्यायची?” मी हो म्हटलं आणि स्कोअरमध्ये एफच्या वर लिहिलं: सी तारेवरच.