व्हायकिंगांचाच ना तो शब्द?

तुम्ही विचारलंत म्हणून एकदाचं लिहूनच टाकते. उत्तर इंग्लंडातल्या यॉर्कशायरच्या बोलीतला तो 'लेक' शब्द निघाला की सगळे मला हेच विचारतात, व्हायकिंगांनीच आणला ना, मग हो म्हणायला तुझं काय जातं. (आणि आपल्या लेकीशी त्याचं काही नातं नाही, ते पण दर वेळी कुणीतरी काढतंच.)

लेकिंग म्हणजे खेळणं. जुन्या नॉर्समध्ये, म्हणजे व्हायकिंगांच्या भाषेत, लेइका, स्वीडिशमध्ये लेका, नॉर्वेजियनमध्ये लेके, आणि लेगोचं नाव डॅनिश 'लेग गोट' म्हणजे 'छान खेळ' यावरून. डेन लोकांनी, म्हणजे व्हायकिंगांनीच, 866 मध्ये यॉर्क घेतलं, झालं की मग, असं आधी मीच छातीठोक सांगायचे. पण जुन्या इंग्रजीतही त्याच मुळाचा 'लाकान' होता. इंग्लंडच्या दक्षिणेत त्या लांब आ चा ओ झाला म्हणून दगडाला स्टोन, उत्तरेत नाही झाला म्हणून तिथे स्टेन. मग लाकानचा लेक घरच्या घरी का नाही होणार? शब्दकोशवाले नॉर्सकडे झुकतात, कारण मध्ययुगातल्या लिखाणात तो लेइकातल्या 'एइ'शी जुळणारा 'ऐ' लावून लिहिलेला सापडतो. मुद्दा पक्का आहे, मान्य.

तरी माझं अडतं ते दुसरीकडेच. यॉर्कशायरमधल्या हडर्सफील्डला आमच्या शेजारी एक आजोबा होते, हयात कापडाच्या गिरणीत गेलेली. एकदा दोन घरांमधल्या दगडी भिंतीवर चहाचा मग ठेवून सांगत होते, गिरणीला ऑर्डर नसली की अर्धा आठवडा घरी, पगार नाही, त्यालाही लेकिंगच म्हणायचे. "वी वर लेकिन, लव्ह." मी विचारलं पोरांचं खेळणं आणि हे बिनपगारी बसणं, दोन्हीला एकच शब्द? ते हसून काहीतरी सांगणार तेवढ्यात त्यांची मुलगी गाडीतून पिशव्या काढता काढता ओरडली, डॅड, नीट इंग्लिश बोला, तिला काय कळणार ते. वाईट हेतू नव्हता हो तिचा, माझ्या सोयीसाठीच म्हणाली. मला कळतंय असं मी दोनदा म्हटलं. आजोबांनी चहाचा मग उचलला, पुसल्यासारखा भिंतीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "वी वर नॉट वर्किंग." त्यानंतर ते माझ्याशी कायम बँकेतल्या माणसाशी फोनवर बोलावं तसंच बोलले. माझा प्रश्न राहिला तो राहिलाच.

तर तुम्ही 'व्हायकिंग' म्हणता तेव्हा त्या शब्दाला शिंगांचं हेल्मेट चढतं (जे त्यांनी कधी घातलंच नव्हतं) आणि गिरणी गायब होते. स्वीडिशमध्ये मासे अंडी घालतात त्यालाही लेक म्हणतात, काही पक्ष्यांचे नर जमून नाचतात त्या जागेचं शास्त्रीय नाव लेक तेही तिथूनच आलं, पण तो बिनपगारी अर्थ मला तिकडे कुठे भेटलेला नाही. हे भाषाशास्त्र नाही, राग आहे, असं म्हणाल तर म्हणा. जुनी मी अजून म्हणतेच, अगं पण मूळ नॉर्सच ना?

बहुतेक नॉर्स. त्यातलं 'बहुतेक' मात्र काढायला सांगू नका.