पणजीत आमची नदी उलटी जाते

सुट्टीचा शेवटचा दिवस म्हणजे बॅगा सांभाळायचा दिवस. लॉज सकाळी १० ला सोडायची, बेळगावची बस संध्याकाळी साडेपाचला. मधले साडेसात तास चार बॅगा, सासूबाई आणि दहा वर्षांचं पोर घेऊन हिंडायचं कुठं? लॉजवाला बॅगा ठेवून घ्यायला तयार होईना. शेवटी आमचे हे म्हणाले, "कॉलेजात असताना मी पणजी बघितलीय, तुम्ही जावा." आणि बसस्टँडवर बॅगांना टेकून बसले. (परत आलो तेव्हा गाढ झोपलेले. बॅगा जागेवर होत्या, ही माउलीची कृपा.)

पाटोचा पूल ओलांडून आम्ही फोंतेन्यासच्या, म्हणजे जुन्या पोर्तुगीज वस्तीच्या गल्ल्यांत शिरलो. पिवळी, निळी घरं, लोखंडी सज्जे. काही दारांवर फोटो काढू नका म्हणून पाट्या लावलेल्या. बरोबरच आहे, आमच्या खानापुरात कुणी येऊन दाराशी पोझ देत बसलं तर आम्ही काय केलं असतं? पुढं चर्चच्या पांढऱ्या पायऱ्या. मूळचं १५४१ चं, १६१९ मध्ये मोठं करून बांधलेलं. सासूबाईंनी खालूनच हात जोडले, गुडघे दुखतात.

जुन्या सचिवालयापाशी आलो. हा विजापूरच्या आदिलशहाचा वाडा, म्हणजे तिथंही आपल्या बाजूचा माणूस. शेजारी आबे फारिया ह्या गोवेकर पाद्रीचा पुतळा. आडव्या होत चाललेल्या बाईवर दोन्ही हात रोखून उभा.
"बाईला मारायलाय काय गं ह्यो?"
"नाही हो आत्या, संमोहन करायलाय. डॉक्टरसारखं."
"मग बाई घाबरलीय कशाला?"
ह्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं.

खरं म्हणजे सासूबाई एवढं फिरल्या त्या मांडवीसाठी. त्यांचं माहेर जांबोटीच्या पुढं, जंगलातलं. म्हादई खानापूर तालुक्यातल्या देगावच्या रानात उगवते, आणि पणजीत येईपर्यंत तिची मांडवी होते. लहानपणी ज्या पाण्यात म्हशी धुतल्या, ते पुढं कुठं जातं हे ह्या बाईनं सत्तर वर्षांत बघितलं नव्हतं.

पलीकडच्या काठावरच्या बेतीला जाणाऱ्या फेरीबोटीत चढलो. चालत जाणाऱ्याला तिकीट नाही, हे कळल्यावर पोरानं दोन खेपा मारायचं ठरवून टाकलं. सासूबाई कठडा धरून खाली बघत उभ्या. एक नारळाची करवंटी तरंगत आली आणि जुन्या गोव्याच्या दिशेला निघून गेली. मागनं एक चप्पलही तिकडंच.
"अगं, नदी उलटी जायलीय की!"
भरतीची वेळ होती, समुद्र आत शिरत होता. मी समजावलं, पण त्यांचं लक्ष नव्हतं. माहेरी निघालीय म्हणाल्या.

शेजारच्या एकानं कुठले म्हणून विचारलं. खानापूर म्हटल्यावर हसत म्हणाला, "म्हणजे आमचं पाणी अडवणारे तुम्हीच!" आता काय बोलावं? २०१८ मध्ये म्हादईच्या पाणीवाटप लवादानं कर्नाटकाला १३.४२ टीएमसी पाणी दिलं, ते भांडण अजून चालूच आहे. मी गप्प बसले. सासूबाई कुठल्या बसतायत!
"आम्ही कशाला अडवू बाबा? ते हुबळी-धारवाडला न्यायचंय. आमच्या गावाला पावसाळ्यात ओढ्यावर पूलच न्हाई, तिथं पाणी कोण अडवतंय?"
तो माणूस पुढं काही बोलला नाही. उतरताना मात्र त्यांचा हात धरून त्यानंच खाली घेतलं.

बेतीच्या धक्क्याच्या उतारावर पाणी पायाशी येत होतं. सासूबाई वाकल्या, ओंजळीत घेऊन तोंडाला लावलं आणि थुंकल्या.
"मीठच की गं नुसतं."
थोडा वेळ तशाच उभ्या होत्या. मग पिशवीतली रिकामी बाटली काढून भरून घेतली. खारट पाण्याचं काय करणार, विचारलं तर उत्तर नाही.

दुपार बाजारात भाजी-पाव खाण्यात आणि काजू घेण्यात गेली. त्यात सांगण्यासारखं काही नाही, काजू बेळगावातही मिळतात.

बस चोर्ल्याच्या वाटेनं होती. घाट चढून कणकुंबीपाशी आलो तेव्हा अंधार पडलेला. इथं माउलीच्या देवळापाशी मलप्रभा उगवते आणि पूर्वेला कृष्णेकडं जाते. त्याच गावचा कळसा नाला पश्चिमेला म्हादईला मिळतो. सासूबाईंनी खिडकीतून हात जोडले. मागच्या सीटवर पोराला तहान लागलेली, अंधारात हाताला आली ती बाटली त्यानं तोंडाला लावली, आणि सगळी गाडी जागी झाली.