सरांचं कलम

आमच्या बागेत खालच्या गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला लागून एक हापूसचं झाड आहे. घरात त्याला 'सरांचं कलम' म्हणतात. कोकणात झाडांना नावं असतातच. आमच्याकडे एक गोटी आहे, एक शेंदऱ्या आहे, पायवाटेवरचा एक आंबटढाण रायवळ, म्हणजे कलम न करता कोयीपासून वाढलेला आंबा, आहे त्याला आजी 'खाष्ट' म्हणायची. पण मास्तरांच्या नावाचं झाड हे एकच.

हे सर कृषी महाविद्यालयात उद्यानविद्या शिकवायचे. १९९० साली सरकारने फळबाग लागवड रोजगार हमी योजनेला जोडली आणि आमच्या राजापूर तालुक्यात जो तो कातळात खड्डे मारायला लागला. सुरुंग लावून खड्डा पाडायचा, बाहेरून माती आणून भरायची. खड्डे झाले, पण कलमं आणायची कुठून? जुनी पद्धत भेट कलमाची. हापूसच्या झाडाखाली मांडव घालायचा, त्यावर रोपांच्या कुंड्या नेऊन ठेवायच्या, फांदी आणि रोप जिवंतपणी एकमेकांना बांधायचं, आणि मग महिनोन् महिने पाणी घालत वाट बघायची. एका झाडावर अशी किती होणार?

सर आले ते कोय कलम शिकवायला. जूनचा महिना होता. रायवळच्या ताज्या कोयी बाबांनी त्यांच्या सांगण्यावरून गादीवाफ्यावर रुजत घातल्या होत्या. पंधरवड्यात तांबूस पानांची लुसलुशीत रोपं वर आली. सरांनी एक रोप कोयीसकट उचललं, ब्लेडने वरचा शेंडा उडवला, उरलेल्या दांड्याला मधोमध चीर दिली, हापूसच्या काडीला पाचरीसारखा आकार देऊन त्या चिरेत बसवली आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट बांधली. बाबा बघत राहिले. म्हणाले, "सर, काल जन्मलेल्या पोराची मान कापताय, जगायचं कसं ते?" सर म्हणाले, "काल जन्मलंय म्हणूनच जगेल. दांडा तांबूस आहे तोवर बांधा. हिरवा झाला की हातचं गेलं."

मी तेव्हा नववीत होते. सरांनी माझ्याही हातात ब्लेड दिलं. माझी पहिली सगळी कलमं मेली. सर पुढच्या आठवड्यात परत आले, मेलेल्या एकेका कलमाची पट्टी सोडून पाहिली आणि म्हणाले, "पाचर नीट झालीये, पण बांधताना पट्टी सैल राहिलीय. पाणी आत गेलं." मेलेलं कलम सोडून बघणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. त्यानंतरच्या खेपेतलं जे जगलं, तेच हे खालच्या गडग्याचं झाड.

कोय कलम सरांनी शोधलं नाही, हे ते स्वतःच पहिल्यांदा सांगायचे. पण आमच्या वाडीत ते आलं ते त्यांच्या पायांनी. दोन पावसाळे ते एसटीने यायचे, फाट्यावर उतरून चालत यायचे. त्या दोन वर्षांत वाडीतली सात-आठ घरं स्वतःची कलमं स्वतः बांधायला लागली.

गेली अकरा वर्षं बाग मी बघते. एप्रिलमध्ये काढणी सुरू झाली की नूतन झेला बाहेर निघतो. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची ही देणगी. साधी वस्तू आहे: काठी, कडं, जाळी आणि देठ कापायला पातं. फळ ओढून तोडलं की चीक सालीवर ओघळतो, काळा डाग पडतो, आणि पिकताना देठाकडून कूज धरते ती वेगळीच. झेल्याने फळ देठासकट जाळीत येतं. आमच्याकडचा नेपाळी गडी पहिल्याच दिवशी हे शिकतो. पेटीतले डागी आंबे कमी झाले की घरात किती पैसे जास्त येतात, हे बागायतदाराच्या बाईला विचारा.

तसाच वैभव विळा, तोही दापोलीचाच. दात्यांचा असल्याने सारखी धार लावावी लागत नाही, आणि भात अगदी जमिनीलगत कापता येतं. उंच धसकटं राहिली की खोडकिड्याच्या अळ्या त्यांत दडून बसतात. बुडातून कापलं की त्यांचं घरच जातं. आमच्या वाडीतल्या बायकांच्या कमरेला हा विळा असतो. त्यातल्या एकीलाही तो कुणी घडवला हे माहीत नाही. मलाही नाही. याची मला खरोखर लाज वाटते.

रत्ना आंबा १९८१चा, सिंधू आंबा १९९२चा, वेंगुर्ला ७ काजू १९९७चा, याच विद्यापीठाचे हे वाण प्रसारित झाल्याची सालं मला पाठ आहेत. पण माणसं? एक वाण उभा राहायला आंब्यासारख्या झाडात वीस-वीस वर्षं जातात. संकर करायचा, रोप वाढवायचं, फळ धरायची वाट बघायची, मग वर्षानुवर्षं नोंदी. परागकण घेऊन मोहोरावर वाकलेला प्राध्यापक कित्येकदा वाण प्रसारित होण्याआधीच निवृत्त होतो.

शेतकऱ्यांसाठी राज्यात कृषिभूषण पुरस्कार आहे, शेतीनिष्ठ आहे, उद्यानपंडित आहे, आणि ते असायलाच हवेत. प्रसाराचं काम करणाऱ्या शास्त्रज्ञांसाठी भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने स्वामी सहजानंद सरस्वतींच्या नावाने पुरस्कार दिले. पण देशभरातून तो किती जणांना मिळणार? फाट्यावर उतरून चालत येणाऱ्या मास्तरापर्यंत तो पोचायचा कसा? शोधनिबंध मोजता येतात, कुठल्या नियतकालिकात आले त्याचे गुणही ठरलेले असतात. मेलेलं कलम सोडून बघितल्याचे गुण कुठे लिहायचे? गेल्या मे महिन्यात सर घरी आले होते. आता काठी घेऊन चालतात. मी हे विचारलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "अर्जात त्याला रकाना नव्हता गं."

मला वाटतं हा रकाना आम्हीच भरून द्यायला हवा. प्राध्यापकाच्या बढतीच्या कागदांत शेतकऱ्यांची पत्रं असावीत: अमुक सरांनी हे शिकवलं, तेव्हापासून माझ्या बागेत असं झालं. झेल्यासोबत, कलमाच्या पिशवीसोबत एक चिठ्ठी यावी आणि तिच्यावर तो घडवणाऱ्यांची नावं असावीत. शिपायापासून शास्त्रज्ञापर्यंत सगळ्यांची, कारण रोपवाटिकेतला मजूरही त्यात असतो.

मी सुरुवात केलीये. सरांच्या जुन्या महाविद्यालयाला पत्र लिहिलंय. त्यात वर्ष, वाडी, किती घरांनी कलमं बांधली, त्यातली किती झाडं आज फळ धरतात, सगळं मोजून घातलंय. झाडं मोजायला तीन दिवस लागले. सह्या सतरा झाल्यात. वरच्या वाडीतले दोघे मुंबईला आहेत, ते गणपतीला आले की त्यांच्या घेऊन मग पत्र पाठवायचं आहे.