यांची बादली कुठेय?

शनिवार, रात्री साडेदहा

बेसिनला केसासारखी बारीक रेघ होती, ती आता बोटाला लागते. मागच्या दिवाळीत उटण्याची पितळी वाटी माझ्याच हातून निसटली, तेव्हापासूनची. काल रात्री खाली फडकं टाकून ठेवलं होतं, सकाळी चिंब. टाळाटाळ संपली.

खरं तर नुसतं बेसिन बदलायचं होतं. प्लंबर बघून गेला आणि म्हणाला, "ताई, जुनं काढताना दोन-चार टाइल्स जाणार." १९९४ची बिल्डिंग, ८ बाय १२च्या पिस्ता रंगाच्या टाइल्स, मधे तपकिरी फुलांचा पट्टा. असला पट्टा आता टाइल्सच्या कारखान्यांच्या मोरबीत तरी कोण काढत असेल? चार टाइल्सपायी अख्खी भिंत आली. "मग सगळंच करून टाकू," असं म्हणून हे मॅच बघायला गेले. फरशीला मात्र हात लावायचा नाही हे मी तिथेच ठरवलं; ती उकरली की वॉटरप्रूफिंग आलं, आणि खालच्यांच्या छताला ओल आली तर जन्माचं वाकडं.

आठवडाभर फोनमध्ये बाथरूमचेच फोटो. साठेक तरी जमवलेत. गोल आरसे, मागून उजेड, काळे नळ, फळीवर ठेवलेलं पातेल्यासारखं बेसिन, शेजारी कुंडी. दुपारी आईंना दाखवत बसले. त्यांनी चष्मा सारखा करत दहा-बारा पाहिले आणि विचारलं, "यांची बादली कुठेय गं?"

मी पहिल्यापासून चाळले. एकाही फोटोत बादली नाही. आंघोळीचा मग नाही तर नाही, तांब्याही नाही. आमची बाथरूम ५ बाय ७. त्यात दोन बादल्या, पाणी भरून ठेवायचं पिंप आणि आईंचं आंघोळीचं स्टूल. कुंडी कुठे ठेवू, पिंपावर?

संध्याकाळी दुकानात गेलो. दुकानदार टेबलटॉपच, म्हणजे ते पातेल्यासारखं बेसिन, गळ्यात मारायला बघत होता. दिसतं झकास, नाही म्हणत नाही. पण त्याचं भांडंच ५-६ इंच उंच. म्हणजे खालचा ओटा २७ इंचांवर घ्यायचा, नाहीतर काठ हनुवटीला! शिवाय भांडं ओट्याला टेकतं तिथे बोअरच्या पाण्याचा पांढरा थर बसणार, आणि तो जुन्या टूथब्रशने मी खरवडणार. काळ्या नळांवर तर क्षार आणखीच उठून दिसतात. ते बाद.

शेवटी साधं पांढरं, भिंतीवर बसवायचं, २२ बाय १६. खालचा खांब नको. खांब गेला की तिथे एक बादली आत सरकते. खालचा सांडपाण्याचा बॉटल ट्रॅप उघडा दिसेल, दिसू दे.

उरली उंची. सध्याचा काठ ३३ इंचांवर आहे. आई ४ फूट १० इंच. रात्री कवळी धुताना पाणी कोपरापर्यंत ओघळतं, बाही रोज ओली. इतकी वर्षं बोलल्या नाहीत त्या, आणि मीही विचारलं नाही. आल्या आल्या टेप काढली, ३० इंचांवर पेन्सिलने रेघ मारली. आईंनी समोर उभं राहून हवेतच चूळ भरली.

"अजून जरा खाली."

२९वर मारली. म्हटलं, "आई, यांना वाकावं लागेल."

"वाकेल की."