जेनेटिक्स आवडतं ना, मग त्या तक्त्यावर एवढा राग का?

तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच लिहून टाकते. ज्युनियर्स नेहमी म्हणतात, ताई तू लिंकेजची (एकत्र वारशाने येणाऱ्या जीन्सची) गणितंसुद्धा समजावून देतेस, मग घरच्यांच्या ट्रेट्सचा, म्हणजे आनुवंशिक लक्षणांचा, तक्ता तेवढा का भरून देत नाहीस? जीभ वळते का, कानाची पाळी सुटी की चिकटलेली, तो तक्ता.

वाटाण्यांवरून आनुवंशिकतेचे नियम काढणाऱ्या मेंडेलशी माझं काही भांडण नाही. ५४७४ गोल आणि १८५० सुरकुतलेले वाटाणे, म्हणजे २.९६ ला १, जवळजवळ नियमातलं ३ ला १, त्या माणसापुढे हात जोडावेत असं काम आहे. आणि मार्क कमी पडले म्हणून चिडलेय असंही नाही, मार्क चांगले होते.

झालं असं की प्रॅक्टिकलला फळ्यावर लिहिलेलं, रोलर डॉमिनंट, नॉन-रोलर रिसेसिव्ह. म्हणजे जीभ वळायला आईबाबांकडून मिळालेल्या दोन अक्षरांत एक कॅपिटल आर पुरे, न वळायला दोन्ही स्मॉल आर हवेत. माझी जीभ वळून चक्क नळी होते. आईची वळत नाही, बाबांचीही नाही. म्हणजे ते दोघंही स्मॉल आर स्मॉल आर, मग त्यांच्या पोरीत कॅपिटल आर आला कुठून? सर म्हणाले, घरी नीट विचारून या हां. वर्ग हसला. मीही हसले, दुसरं काय करणार. शेजारची म्हणाली बाबांपुढे 'वळते' अशी टिक मार आणि विषय संपव, पण मी नाही मारली.

रात्री बाबांना ट्यूबलाइटखाली उभं करून परत जीभ काढायला लावली. ते बिचारे कडा उचलायला बघतायत, जीभ आपली सपाट, नुसती थरथरतेय, आणि मध्येच त्यांना हसू फुटतंय. कशाला गं हे? जर्नलसाठी, म्हटलं. नाक माझं डिट्टो त्यांचं आहे, तरी नंतर आरशासमोर उभी राहिले. शंका आली का? आली, खोटं कशाला बोलू. डोक्याला पटत नव्हतं पण पोटात गोळा आला तो आलाच. जर्नलवर लाल पेनने शेरा आला, 'रिपीट'.

काय रिपीट करायचं होतं, आईबाप?

पुढे स्वतःच शोधलं, सिलॅबसमध्ये नव्हतंच. जिभेचं हे प्रकरण १९४० मध्ये स्टर्टेव्हंट या जेनेटिक्सवाल्याने मांडलं, १९१३ चा पहिला जेनेटिक मॅप (क्रोमोसोमवर जीन्स कुठे बसतात त्याचा नकाशा) ज्याचा तोच. मग १९५२ मध्ये मॅटलॉक नावाच्या संशोधकाने आयडेंटिकल जुळ्यांच्या ३३ जोड्या बघितल्या, त्यातल्या ७ जोड्यांत एकाची जीभ वळते आणि दुसऱ्याची नाही. जीन्स तेच असून! १९६५ मध्ये खुद्द स्टर्टेव्हंटने लिहिलं की हे अजून मेंडेलियन म्हणून छापतात याचा त्याला संकोच वाटतो. कानाच्या पाळीचं तर २०१७ च्या अभ्यासात जीनोमवर ४९ ठिकाणांशी नातं निघालं. आणि आमच्या तक्त्यात एक जोडी अक्षरं.

तेव्हाची मी म्हणायची, सगळं खोटं शिकवतात, मेंडेलपासून सुरुवातच बंद करा. आता शिकवायला बसले की मीही पहिल्या दिवशी पनेट स्क्वेअरच काढते, म्हणजे आईबापांच्या अक्षरांच्या जोड्या जुळवायचा चौकोन, कारण उंचीपासून सुरुवात करून बघा, तिच्यामागे डीएनएमधले सुमारे १२ हजार व्हेरियंट्स (बारीक फरक), पोरं दुसऱ्या लेक्चरला यायची नाहीत. सोपं करून सांगणं वेगळं आणि चूक सांगणं वेगळं, असं मी स्वतःला समजावते, पण ती रेघ नेमकी कुठे मारायची ते रोज बदलतं. त्यात परवा एक ज्युनियर म्हणाली, ताई त्या तक्त्यामुळेच तर मला रिसेसिव्ह म्हणजे काय ते कळलं. यावर मला काही बोलता आलं नाही. रागही गेला नाही.

तरी तक्ता भरून मिळणार नाही. जांभळ्या-पिवळ्या दाण्यांचं मक्याचं कणीस आणा, दाणे मोजायला कितीही वेळ बसते, काय-स्क्वेअरही (मोजणी अपेक्षित प्रमाणाशी जुळते का ते तपासणारं गणित) करून देते. मक्याला घरी जाऊन कुणाला काही विचारावं लागत नाही.